मताधिकाराचा इतिहास मुलांना कसा सांगावा?

(पालक व शिक्षक यांच्या सभेत दिलेले भाषण)



मत कोणाला द्यावे, हा आजचा माझा विषय नाही. मताचा हक्क आपल्या घरापर्यंत कोणत्या वाटेने आला आणि ती वाट तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना कशी दाखवावी, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

मी व्यवसायाने वकील आहे. कोर्टात जमिनीचा दावा उभा राहतो तेव्हा पहिला प्रश्न असा येतो की, ही जमीन तुमच्याकडे कोणत्या हक्काने आली? वारसाने आली, खरेदीने आली, की कोणी बक्षीसपत्र करून दिली? ज्याला याचे उत्तर कागदानिशी देता येते त्याचा ताबा कोणी सहजासहजी हलवू शकत नाही. ज्याला ते देता येत नाही तो शेजाऱ्याच्या एका नोटिशीने घाबरून जातो. मताच्या हक्काचेही असेच आहे. तो आपल्याकडे कोणत्या आधाराने आला हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून तो काढून घेणे अवघड नसते.

दहावीच्या मुलाला विचारून पाहा, 'तुझ्या आईला मत देण्याचा हक्क कोणी दिला?' तो सांगेल, 'संविधानाने दिला.' उत्तर बरोबर आहे आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतील. परंतु संविधानाच्या आधी मत कोणाला होते, कोणाला नव्हते, का नव्हते आणि ते कोणी मागितले, हे विचारले की मूल गप्प होते. मग त्याच्या मनात अशी समजूत घर करते की, एके दिवशी वरून कोणीतरी हा हक्क सर्वांच्या ओंजळीत टाकला. दानात आलेली वस्तू माणूस जपून ठेवत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत नोटा फिरतात आणि मते जातात, त्याच्या मुळाशी दारिद्र्य आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या जोडीला हे अज्ञानही आहे आणि हे अज्ञान घालवणे आपल्या हातात आहे.

म्हणून माझे आपणांस सांगणे असे आहे की, मताधिकाराचा इतिहास हा अटींचा इतिहास म्हणून शिकवावा. प्रत्येक टप्प्यावर मतदारांच्या यादीबाहेर कोण होते, कोणत्या अटीमुळे बाहेर होते आणि ती अट कोणी व कोणत्या युक्तिवादाने मोडून काढली, हे मुलांसमोर मांडावे. जे मूल जुनी अट ओळखायला शिकेल, त्याला नव्या वेशात आलेली अटही ओळखता येईल. यासाठी मी चार पाठ सुचवतो. शिक्षकांनी ते वर्गात घ्यावेत, आई-वडिलांनी ते घरी घ्यावेत. त्याला कागद, पेन्सिल आणि थोडा निवांत वेळ यांवाचून काही लागत नाही.

पहिला पाठ: घराची यादी

मुलाला कोऱ्या कागदावर घरातील चार पिढ्यांची नावे लिहायला सांगावे. तो स्वतः व त्याची भावंडे, आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा. प्रत्येक नावापुढे ती व्यक्ती कोणते काम करीत असे, तिच्या नावावर जमीन वा घर होते काय आणि तिला लिहिता-वाचता येत होते काय, हे लिहावे. माहिती आजीला विचारावी. आजीचे बोलणे हाही इतिहासाचा एक दस्तऐवज आहे. मग या यादीला एकेका काळाचा कायदा लावून पाहावा. ज्या पूर्वजाचा त्या वेळी जन्म झाला नसेल त्याच्या जागी त्याच्या आई-बापांचा विचार करावा.

पहिला कायदा १९१९ चा. त्याप्रमाणे १९२० साली प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका झाल्या. मत कोणाला होते? ठराविक रकमेहून अधिक शेतसारा भरणाऱ्याला, शहरात ठराविक भाड्याच्या घरात राहणाऱ्याला आणि प्राप्तिकर भरणाऱ्याला. पलटणीतून निवृत्त झालेल्या शिपायालाही ते होते. स्त्रियांना त्या पहिल्या निवडणुकीत मत नव्हते. त्यांचा प्रश्न प्रत्येक प्रांताच्या कायदेमंडळावर सोपवण्यात आला होता. मद्रास व मुंबई या प्रांतांनी १९२१ साली तो स्त्रियांच्या बाजूने सोडवला, पण मालमत्तेची अट त्यांनाही राहिलीच. ब्रिटिश हिंदुस्थानात लोकसंख्येच्या दर शंभरामागे सुमारे तीन माणसांना मत होते.

आता मुलाने नावे तपासावीत. गावकीची कामे करून बलुत्यावर जगणाऱ्या माणसाचा शेतसारा कितीसा असणार? गिरणीत बदली म्हणून काम करणाऱ्या आणि एका खोलीत दहा जणांसह राहणाऱ्या कामगाराचे भाडे ते किती? बहुतेक घरांत त्या कागदावर एकही नाव उरणार नाही. कोणी पूर्वज पलटणीत असेल तर त्याचे एकट्याचे नाव राहील. नाव खोडताना शेजारी कारण लिहावे: 'सारा भरत नाही', 'भाडे कमी', 'स्त्री'.

हे झाल्यावर मुलाला एक गोष्ट दाखवून द्यावी. 'अस्पृश्य' हे कारण त्याला कोठेही लिहावे लागलेले नाही. कायद्याने मतदारासाठी जातीची अट घातली नव्हती. मालमत्तेची अट सर्वांना सारखीच होती. परंतु ज्या समाजाला पिढ्यानुपिढ्या मालमत्ता धारण करू दिली नाही, त्याच्यापुढे मालमत्तेची अट ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून 'आत या' म्हणणे होय. कागदावर सर्वांना सारखी दिसणारी अट व्यवहारात विषम असू शकते, हा कायद्यातील फार मोठा धडा आहे. तो चौदा वर्षांच्या मुलाला आपल्याच पणजोबांच्या नावावरून समजतो.

दुसरा कायदा १९३५ चा. त्याखाली १९३७ साली निवडणुका झाल्या. मालमत्तेची अट सैल झाली, शिक्षणाच्या आधारावर काहींना मत मिळाले, काही स्त्रियांना पतीच्या मालमत्तेवरून मिळाले. मतदारांची संख्या तीन कोटींच्या घरात गेली, तरी देशातील बहुसंख्य प्रौढ माणसे बाहेरच राहिली. यादीवर हा कायदा लावला तर एखाददुसरे नाव परत येईल. पतीच्या नावामुळे जिचे नाव आले असेल त्या पणजीविषयी मुलींना विचारावे: हा हक्क तिचा की तिच्या पतीचा? पती वारल्यावर किंवा त्याची जमीन गेल्यावर त्या हक्काचे काय?

तिसरा कायदा म्हणजे संविधानाचे ३२६ वे कलम. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाचे नाव त्याने आत घेतले. खोडलेली सारी नावे एकदम परत आली. आणि चौथा बदल ६१ व्या घटनादुरुस्तीचा, जी २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. त्याने वयाची अट एकवीसवरून अठरावर आणली. या बदलाने घरातील कोणते नाव आत आले, हेही मुलाने लिहावे. एवढे झाले की कोणत्याही पुस्तकाशिवाय मताधिकाराचा शंभर वर्षांचा इतिहास त्याच्यासमोर त्याच्याच हस्ताक्षरात तयार होतो.

दुसरा पाठ: निरक्षराला मत द्यावे काय?

कायदे बदलले ते आपोआप बदलले नाहीत. त्यामागे वाद होता आणि तो वाद मुलांनी स्वतः घालून पाहिला पाहिजे.

मताधिकाराचा विचार करण्यासाठी साऊथबरो समिती आली तेव्हा, २७ जानेवारी १९१९ रोजी, बाबासाहेबांनी तिच्यासमोर साक्ष दिली. ते त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते आणि त्यांचे वय सत्तावीस होते. कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे यांनीही त्या समितीपुढे साक्ष दिली. कायदेमंडळात केवळ मतांचे प्रतिनिधित्व होऊन भागत नाही, माणसांचेही प्रतिनिधित्व झाले पाहिजे, आणि अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणली पाहिजे, असा बाबासाहेबांच्या मांडणीचा रोख होता. पुढे १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात आणि १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी सरळ प्रौढ मताधिकाराची मागणी केली. १९२८ च्या नेहरू अहवालानेही प्रौढ मताधिकार मागितला होता, हेही मुलांना सांगावे. इतिहास शिकवताना दुसऱ्याच्या वाट्याचे श्रेय लपवू नये. सत्य सांगण्याने आपली बाजू दुबळी होत नसते.

प्रौढ मताधिकाराच्या विरुद्ध जो मुख्य आक्षेप होता तो निरक्षरतेचा. ज्याला वाचता येत नाही त्याला राज्यकारभार काय समजणार, असे विचारले जाई. यावर बाबासाहेबांचे उत्तर असे होते की, निरक्षर माणूस बुद्धिहीन असतो हे मानणे चूक आहे आणि साक्षर माणूस शहाणा असतोच हे मानणेही चूक आहे. शिवाय ज्यांना शाळेच्या पायरीवरून परत पाठवले त्यांना शाळेत गेला नाहीत म्हणून मत नाकारणे, हा एकाच अन्यायाचा दुहेरी दंड झाला.

वर्गाचे दोन गट करावेत. एक गट सरकारच्या बाजूने बोलेल, दुसरा अर्जदाराच्या. पाच-पाच मिनिटे बोलून झाल्यावर बाजू बदलाव्यात. ज्याने आधी 'निरक्षराला मत नको' असे सांगितले त्याने आता त्याच म्हणण्याचे खंडन करावे. आम्हां वकिलांना हे रोज करावे लागते. विरुद्ध पक्षाचे म्हणणे त्याच्याइतक्याच जोराने मांडता आले, म्हणजेच आपली बाजू आपल्याला नीट कळली असे समजावे. ऐकलेली गोष्ट केवळ कोणी मोठ्याने सांगितली म्हणून मानू नये, तपासून घ्यावी, ही तर आपल्या धम्माचीच शिकवण आहे.

याच पाठात परदेशाचे एक उदाहरण घ्यावे. अमेरिकेत १८७० साली झालेल्या पंधराव्या घटनादुरुस्तीने, वंश वा वर्णावरून मत नाकारता येणार नाही असे ठरले. तरीही दक्षिणेकडील राज्यांनी वाचन-लेखनाची परीक्षा आणि मतदानासाठी कर अशा अटी आणून कृष्णवर्णीयांना यादीबाहेर ठेवले. त्या परीक्षा मोडून काढण्यासाठी १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. घटनेत लिहिलेला हक्क मतपेटीपर्यंत पोहोचायला तेथे पंचाण्णव वर्षे लागली. आपल्या संविधानात साक्षरतेची अट का नाही आणि ती नसणे किती मोलाचे आहे, हे या एका तुलनेने मुलांना कळेल.

तिसरा पाठ: पुणे करार

पुणे कराराचे नाव आपल्या घरांत मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडते. परंतु त्यात नेमके काय होते, हे बहुतेकांना सांगता येत नाही. हे भाषणाने समजत नाही. खेळाने समजते.

आधी हकीकत सांगावी. १६ ऑगस्ट १९३२ रोजी ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य मतदारांना त्यांच्या राखीव जागांसाठी स्वतंत्र मतदारसंघ होते, आणि त्याशिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांना मत होते. म्हणजे दोन मते होती. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात २० सप्टेंबरला उपोषण सुरू केले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्या चौघांतून एकाला सर्व मतदारांनी मिळून निवडायचे, अशी पद्धत ठरली.

आता खेळ. वर्गात चाळीस मुले आहेत असे धरू. चिठ्ठ्या टाकून त्यांतील आठ जणांच्या छातीला निळा कागद लावावा. चिठ्ठ्याच टाकाव्यात, कोणत्याही मुलाची जात विचारू नये. प्रथम हे आठ जण आपल्यांतील चार उमेदवार निवडतील. समजा पहिल्याला पाच मते पडली आणि उरलेल्या तिघांना एकेक. मग चाळीसही मुले त्या चौघांतून एकाला निवडतील. बत्तीस मुलांनी मिळून चौथ्या उमेदवाराला मते दिली तर काय होईल? ज्याला आपल्या माणसांतून एकच मत होते तो तेहतीस मतांनी निवडून येईल आणि ज्याला पाच होती तो पाचांवरच राहील. निवडून आलेल्याच्या छातीवर निळा कागद आहे, हे खरे. पण तो कोणाच्या मतांवर आला आणि पुढच्या खेपेला कोणाची मर्जी सांभाळील? हा प्रश्न शिक्षकाने विचारावा आणि उत्तर मुलांना देऊ द्यावे.

त्यानंतर दुसरी बाजूही न्यायाने मांडावी. स्वतंत्र मतदारसंघांनी समाजाचे कायमचे तुकडे पडतील, असे विरुद्ध पक्षाचे म्हणणे होते. जागांची संख्या वाढली, हेही खरे आहे. आजही राखीव जागेवर उमेदवार अनुसूचित जातीचा असला तरी मतदान सर्वांचे असते. म्हणून या खेळातला प्रश्न जुना झालेला नाही. बाबासाहेबांना तडजोड किती जड गेली असेल, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही. त्यांनी ती आकडेमोड स्वतःच्या हाताने केलेली असेल.

चौथा पाठ: यादी कशी तयार झाली

संविधानात कलम लिहिले गेले आणि दुसऱ्या दिवशी लोक मतदानाला गेले, असे झाले नाही. मधल्या कामाची कल्पना मुलांना दिली पाहिजे. संविधान पुरे होण्याआधीच, १९४८ साली, मतदार याद्यांची तयारी सुरू झाली होती. २५ जानेवारी १९५० रोजी निवडणूक आयोग स्थापन झाला आणि सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. यादीत सतरा कोटींहून अधिक नावे आली आणि त्यांतील बहुतेक माणसे निरक्षर होती.

त्या यादीत एक विलक्षण अडचण आली. बहुतांशी उत्तर व मध्य भारतातील लाखो स्त्रियांनी आपले नावच सांगितले नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. परपुरुषाला नाव सांगायचे नाही, अशी रूढी होती. आयोगाने असे नोंदलेले नाव स्वीकारायचे नाही असे ठरवले आणि सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रिया त्या निवडणुकीत यादीबाहेर राहिल्या. येथे कायद्याची अट नव्हती, सरकारची अट नव्हती. घराची अट होती. ही हकीकत मुलामुलींना एकत्र बसवून सांगावी. मग मुलींना विचारावे की, आज घरात आईचे मत कोणाला जाणार हे कोण ठरवतो? उत्तर ऐकून काही बापांना खाली पाहावे लागेल. लागले तर लागो.

निरक्षरतेवर कोणता उपाय केला, हेही मुलांना आवडेल. प्रत्येक उमेदवाराला चिन्ह मिळाले आणि मतदानकेंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर ते चिन्ह लावले. ज्याला अक्षर येत नव्हते त्याला चित्र कळत होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. एका माणसाने दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसणारी शाई लावली. ऑक्टोबर १९५१ पासून फेब्रुवारी १९५२ पर्यंत ही निवडणूक चालली. ज्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते, तो गावच्या पाटलाच्या रांगेत उभा राहिला आणि दोघांच्या बोटाला एकच शाई लागली.

याच निवडणुकीत उत्तर मुंबईच्या मतदारसंघात बाबासाहेबांचा पराभव झाला. त्याच वर्षी ते राज्यसभेवर गेले, पण १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना यश आले नाही. ही गोष्ट मुलांपासून दडवू नये. राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य असेल, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील, ही विसंगती लवकर दूर झाली नाही तर लोकशाही धोक्यात येईल, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत दिला होता. मत हे साधन आहे. ते हाती आल्याने काम संपत नाही, सुरू होते, हे मुलांना याहून चांगल्या रीतीने सांगता येणार नाही.

धर्मांतर आणि मत

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनात असलेल्या एका शंकेविषयी बोलतो. ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली आहे ती मला विचारतात की, 'वकीलसाहेब, धर्म बदलल्याने मतदार यादीतले नाव जाईल काय?' याचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. संविधानाचे ३२५ वे कलम सांगते की, केवळ धर्म, वंश, जात वा लिंग या कारणावरून कोणालाही मतदार यादीत नाव घालण्यास अपात्र ठरवता येणार नाही. कोणी तुम्हांला याच्या उलट सांगून भीती घालत असेल तर त्याला हे कलम वाचून दाखवा.

मात्र मत देण्याचा हक्क आणि राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांचा इतिहासही वेगळा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदू धर्माचाच असला पाहिजे, अशी अट होती. १९५६ साली शिखांचा त्यात समावेश झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांनी दीक्षा घेतली त्यांचे मत कायम राहिले, पण राखीव जागेवरील उमेदवारीचा हक्क गेला. १९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव जागेवरून निवडून आलेला उमेदवार बौद्ध झालेला आहे, असा आक्षेप घेण्यात आला. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या नावाने तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६४ साली न्यायालयाने आक्षेप मान्य केला. ही अट बौद्धांसाठी १९९० साली उठली. मध्ये चौतीस वर्षे गेली. आपल्या आजी-आजोबांनी त्या चौतीस वर्षांत मोजलेली ही किंमत आहे, आणि ती त्यांनी जाणूनबुजून मोजली. मुलांच्या यादीत या ओळीलाही जागा द्यावी.

आजच्या अटी

इतिहास शिकवून झाला की मुलांच्या हाती आजची मतदार यादी द्यावी. घरातील सर्वांची नावे आहेत काय, बरोबर आहेत काय, हे त्यांनी तपासावे. ओळखपत्र खिशात असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, ही गोष्ट अनेकांना मतदानाच्या दिवशी कळते. नवे नाव घालण्यासाठी नमुना ६ आहे. दुरुस्तीसाठी किंवा घर बदलल्यास नमुना ८ आहे. २०२२ पासून पात्रतेच्या तारखा वर्षातून चार झाल्या आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षे पुरी झालेल्या मुलाला आगाऊ अर्जही करता येतो. तुम्ही राहत नाही असे म्हणून नाव काढायचे असेल तर आधी तुमचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, असे कायदा सांगतो. निर्णय विरुद्ध गेला तर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. हे अर्ज घरातील नववी-दहावीच्या मुलाकडून भरवून घ्यावेत. त्याला कायद्याची भाषा कळेल आणि आपले कामही होईल.

आणि मग त्याला शेवटचा प्रश्न विचारावा: आज कोणत्या अटी आहेत? मालकाने सुट्टी दिली नाही, ही अट आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे रोजंदारीच्या मजुरालाही मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीचा हक्क आहे. कोणी धमकावले, ही अट आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला अमक्यालाच मत दे किंवा मत देऊ नको असे बळजबरीने सांगणे, हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पैसा ही अट आहे. मतासाठी लाच देणारा आणि घेणारा असे दोघेही गुन्हेगार ठरतात. १९२० साली पैसा नसलेल्याला मत नव्हते. आज पैसा घेणारा आपले मत आपल्याच हाताने गमावतो. दोन्ही वेळा मताची किंमत पैशातच झाली. हा सारखेपणा ज्या मुलाला स्वतःहून दिसेल, त्याला इतिहास समजला असे मी म्हणेन.

बंधूंनो आणि भगिनींनो, ज्या हक्कासाठी सत्तावीस वर्षांच्या एका प्राध्यापकाने शंभर वर्षांपूर्वी सरकारच्या समितीसमोर उभे राहून युक्तिवाद केला, तो हक्क आज आपल्या मुलांना अठराव्या वाढदिवशी मागितल्याशिवाय मिळतो. तो त्यांना फुकट मिळावा, यासाठीच तर ते सारे कष्ट होते. परंतु तो फुकटचा आहे, असे त्यांना वाटू नये. येत्या रविवारी आपण आपल्या मुलासमोर एक कोरा कागद ठेवावा आणि त्याला पणजोबांचे नाव लिहायला सांगावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम.